खिशातलं गाणं घरभर

मैत्रिणींनो, एक साधा प्रश्न विचारते. गेल्या महिन्याभरात तुम्ही गाणं ‘ऐकलं’ कधी? पोळ्या लाटताना ओट्यावर फोन उभा करून, कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सरच्या घरघरीतून जे कानावर पडलं, ते नव्हे. नीट बसून, शब्द न् शब्द कळेल, तबल्याचा ठेका छातीत जाणवेल असं ऐकणं. बहुतेकींचं उत्तर मला ठाऊक आहे. ‘अगं, वेळ कुठे आहे?’ पण वेळेइतकंच आणखी एक कारण आहे आणि त्याकडे आपलं लक्षच जात नाही. ते म्हणजे आपण ज्यावर ऐकतो तो फोनचा आवाज!

आपल्या घरांतलं गाण्याचं यंत्र बाईचं कधी नव्हतंच. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हाचा रेडिओ म्हणजे लाकडी पेटीतलं मोठं धूड. तो बाहेरच्या खोलीत असायचा. पुढे टेपरेकॉर्डर आला, डेक आला, मोठाले स्पीकर आले. त्यांची बटणं घरातल्या पुरुषांच्या हातात. ‘हात लावू नकोस, बिघडेल’ हे वाक्य किती घरांत ऐकू आलं असेल! बाईनं गाणं ऐकलं ते स्वयंपाकघरात, भिंतीपलीकडून. आता फोन आला. तो आपला स्वतःचा. हव्या त्या गायिकेचं, हवं ते गाणं, हव्या त्या वेळी. खजिनाच हाती आला म्हणा ना! फक्त तो खजिना आपण सुईच्या भोकातून बघतोय.

हे माझ्या लक्षात आलं ते आमच्या गटामुळे. आमच्या भागातल्या ज्येष्ठ महिलांच्या गटाचं काम मी पाहते. आठवड्यातून एक दुपार आम्ही देवळाशेजारच्या सभागृहात जमतो. थोडा व्यायाम, थोड्या गप्पा, कुणाची औषधं, कुणाच्या पेन्शनचे कागद, आणि शेवटी अर्धा तास गाणी. कुणाच्या तरी फोनवर लावायची आणि फोन मध्ये ठेवायचा. हळूहळू असं झालं, की गाण्यांची वेळ आली की चार-पाच जणी चपला शोधायला लागायच्या. त्यांतल्या एक आजी स्वतः गाणं शिकलेल्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, ‘अगं, आता गाणं म्हणजे नुसती कलकल वाटते बघ. वय झालं. माझं गाणं संपलं.’

‘माझं गाणं संपलं’ हे वाक्य काही डोक्यातून जाईना. आणि खरंच ते वयामुळेच होतं का?

वयाचा भाग असतोच. उतारवयात सगळ्यात आधी कमी होतात ते वरच्या पट्टीतले बारीक आवाज. म्हणजे स, श, ख, फ अशी व्यंजनं. त्यामुळे आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मग आपण आवाज वाढवतो. पण फोनचा स्पीकर असतो नखाएवढा. खालच्या सुरासाठी पुष्कळ हवा हलवावी लागते. नखाएवढ्या पडद्याला ते कसं जमावं? गायिकेच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदाला साधारण शंभर वेळा कंप पावते. तो सूर फोनमधून जवळजवळ बाहेरच येत नाही. वरचा झंकार येतो, म्हणून तंबोरा ओळखू येतो एवढंच. डग्ग्याची घुमार तर गायबच. उरतो मधला कर्कश भाग. तोही आवाज पूर्ण वाढवला की फाटतो. त्यात सभागृहाचे पंखे! धड कानांनाही कलकलच वाटणार. आजींच्या तक्रारीत वयाचा वाटा निम्मा असेल, उरलेला निम्मा त्या डबीचा होता.

आता उपाय. ‘चांगला आवाज म्हणजे लाखभर रुपयांचा शौक’ असं आपल्या मनात बसलेलं असतं. ते आधी काढून टाका. पुष्कळ घरांच्या माळ्यावर एखादा जुना डेक किंवा म्युझिक सिस्टीम धूळ खात पडलेली असते. फिलिप्स, सोनी, आयवा, सोनोडाइन... नावं आठवतात ना? कॅसेटचा पट्टा तुटलेला असतो, सीडीचं झाकण उघडत नाही, म्हणून ती ‘बिघडलेली’. पण आवाज मोठा करणारा भाग आणि स्पीकर हे बरेचदा ठणठणीत असतात. आमच्या घरी सासऱ्यांच्या हौसेचा असाच एक डेक होता. घरातल्यांनी तो भंगारवाल्याच्या वाट्याला लिहून ठेवला होता. मी तो आधी दुरुस्तीवाल्या दादांकडे नेला. वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र थेट प्लगला लावू नये. आत दमट धूळ असते, जोड गंजलेले असतात. दादांनी साफ करून दिला आणि म्हणाले, ‘ताई, कॅसेट विसरा. मागे बघा, ऑक्स आहे.’

हा ‘ऑक्स’ म्हणजे बाहेरून आवाज आत घ्यायचं दार. यंत्राच्या मागे लाल आणि पांढरं अशी दोन गोल भोकं असतात, किंवा पुढे हेडफोनच्या पिनेएवढं एकच असतं. एका टोकाला बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी पिन अशी वायर इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळते. बारीक पिन फोनला, लाल-पांढरी मागच्या भोकांत आणि यंत्रावरचं बटण ऑक्सवर. झालं! एवढंच बघा, की ‘फोनो’ लिहिलेल्या भोकात ती घालायची नाही. ते तबकडीच्या प्लेअरसाठी असतं. तिथे फोन जोडला तर आवाज भसाभस आणि फाटका येतो.

‘पण माझ्या फोनला हेडफोनचं भोकच नाही!’ बरोबर. 2016 मध्ये अ‍ॅपलनं आयफोन 7 मधून ते काढून टाकलं आणि मग पुष्कळ कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. अशा वेळी चार्जिंगच्या जागी लावायचा एक छोटा जोड मिळतो. घेताना ‘डॅक असलेला द्या’ असं सांगा. फोनमध्ये गाणं असतं आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचा आवाज करणारी चिप म्हणजे डॅक. काही स्वस्त जोडांत ही चिप नसते, मग तो एका फोनवर चालतो, दुसऱ्यावर मुका. दुकानातच आपल्या फोनला लावून बघून घ्यावा.

वायर नकोच असेल तर ब्लूटूथ आहे. जुन्या यंत्राला लावायचा काडेपेटीएवढा ब्लूटूथ रिसीव्हर मिळतो. तो ऑक्सला जोडला की फोन हातात घेऊन घरभर फिरायला मोकळ्या. ब्लूटूथवर गाणं पाठवताना ते आणखी आकसून पाठवलं जातं, म्हणून काटेकोर कानाच्या लोकांना वायर आवडते. पण फोनच्या नखाएवढ्या स्पीकरपासून चांगल्या स्पीकरपर्यंतची उडी इतकी मोठी आहे, की त्यापुढे वायर की ब्लूटूथ हा फरक किरकोळ. आधी स्पीकर बघा, बाकीचं नंतर.

यंत्र जोडलं तरी गाणंच पातळ येत असेल तर? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! गाण्याच्या प्रत्येक अ‍ॅपमध्ये सेटिंग्जमध्ये आवाजाचा दर्जा निवडता येतो. बहुतेकींनी ते पान कधी उघडलेलंच नसतं. उदाहरणार्थ, स्पॉटिफायवर सगळ्यात खालची पायरी आहे सेकंदाला 24 किलोबिटची, नेहमीची 96 ची आणि त्याच्या वर 160 आणि 320. 24 वर माणिक वर्मांचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा वाटेल. डेटाचा हिशेब म्हणाल, तर 96 वर तासाला साधारण 43 एमबी लागतात आणि 320 वर 144 एमबी. सीडीच्या तोडीचा दर्जा हवा तर त्याहून कितीतरी जास्त. घरात वायफाय असेल तर चिंता नाही. नसेल तर आवडती गाणी एकदा डाऊनलोड करून ठेवा. सगळ्यात वरचे दर्जे बहुधा वर्गणीदारांनाच मिळतात, पण फुकटातही एखादी पायरी वर चढता येते.

आणखी दोन युक्त्या. फोनमधला आवाज जवळजवळ पूर्ण वाढवा आणि यंत्राचं बटण अगदी कमीपासून हळूहळू फिरवा. उलट केलं तर गाण्याबरोबर ‘स्स्स’ अशी खरखरही मोठी होते. ‘घूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर फोनचा चार्जर काढून बघा, बरेचदा तेवढ्यानं भागतं. आणि ऐकायला बसताना फोन विमान मोडवर टाकून वायफाय किंवा ब्लूटूथ तेवढं चालू ठेवा. नाहीतर ऐन रंगलेल्या बंदिशीत विमा एजंटचा फोन स्पीकरवरून घरभर दणाणतो!

स्पीकर ठेवायचा कुठे, हेही महत्त्वाचं. आपल्याकडे स्पीकरची जागा ठरलेली. कपाटावर, कोपऱ्यात, वर एखादी विणलेली झालर! कोपऱ्यात ठेवला की खालचा आवाज फुगतो आणि शब्द बुडतात. बसल्यावर कान जिथे येतात तेवढ्या उंचीवर, भिंतीपासून थोडा पुढे, तोंड आपल्याकडे. दोन स्पीकर असतील तर ते आणि आपण मिळून त्रिकोण व्हावा. नव्या घरांत गुळगुळीत फरशी आणि मोकळ्या भिंती. तिथे आवाज घुमतो. सतरंजी अंथरा, पडदे ओढा, पुस्तकांचं कपाट त्या खोलीत आणा. पैसा न लागता आवाज सुधारतो.

आमच्या गटासाठी तो डेक आता सभागृहात असतो. पहिल्या दिवशी मी तो आज्यांच्या जवळ, टेबलावर ठेवला. पंखे कमी केले. ‘बास’चं बटण थोडं खाली, ‘ट्रेबल’चं थोडं वर, कारण शब्द वरच्या सुरांत असतात. फोनच्या सेटिंग्जमध्ये सुगम्यता विभागात ‘मोनो ऑडिओ’ म्हणून एक खटका असतो, तोही चालू केला. दोन स्पीकरांवर वाटला गेलेला आवाज त्यामुळे एकत्र येतो. एका कानानं कमी ऐकू येणाऱ्यांना याचा फार उपयोग. आणि साठच्या दशकापर्यंतची आपली बहुतेक सिनेगीतं मुळात मोनोच आहेत. तेव्हा जुन्या गाण्यांसाठी एक चांगला स्पीकरही पुरतो, हे खर्चाचा विचार करणाऱ्या गटांनी लक्षात ठेवावं.

हिराबाई बडोदेकरांची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली. गाणाऱ्या आजी दारापर्यंत गेलेल्या, थांबल्या. परत येऊन खुर्ची पुढे ओढली आणि डोळे मिटून मांडीवर ताल धरला. गाणं संपल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘हिचा श्वास ऐकू आला गं.’

मात्र एक सांगायला हवं. ऐकू येणं सुधारलं म्हणून कानांची तपासणी टाळायची नाही. त्या आजींनाही आम्ही कानाच्या डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांना श्रवणयंत्राचा सल्ला मिळाला. चांगला स्पीकर म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. पण ‘माझं सगळं संपलं’ म्हणून घरी बसणाऱ्या बाईला डॉक्टरांपर्यंत न्यायचं बळ त्या अर्ध्या तासानं दिलं, हेही खरं.

जुन्या गाण्यांकडून अपेक्षाही बेताची ठेवावी. 1902 मध्ये गौहर जान यांनी कोलकात्यात गायलं ते एका कर्ण्यात तोंड घालून. मायक्रोफोन आला 1925 नंतर. त्या कर्ण्यानं जे टिपलंच नाही, ते आजचं कितीही महागडं यंत्र कुठून आणणार? तिथे खरखर असणारच. पण त्या खरखरीच्या पलीकडे उभी असलेली बाई दिसायला लागते, ती चांगल्या स्पीकरमुळेच.

आणि आवाज चांगला म्हणजे आवाज मोठा नव्हे बरं! जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांनी 80 डेसिबलपर्यंतचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकणं सुरक्षित. आवाज वाढला की हे तास झपाट्यानं कमी होतात. आपल्या मुलांच्या कानांत दिवसभर जी बोंडं असतात, त्यांच्याकडे या नजरेनं बघा. खोलीत बेतानं लावलेलं गाणं कानांना बरं, शिवाय ते चौघांत वाटलं जातं.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या सुट्टीला शिडी लावा आणि माळ्यावरचं ते धूड खाली काढा. दुरुस्तीवाल्याला दाखवा, वायर आणा. ‘हात लावू नकोस’ म्हणणारं कुणी असलं तर हसून पुढे व्हा. लाल भोकात लाल, पांढऱ्यात पांढरी, यात कसलं आलंय शास्त्र! मग घरातल्या सासूबाईंना, आईला, शेजारच्या आजींना बोलवा, त्यांच्या आवडीचं गाणं विचारा, आणि अर्धा तास स्वतःही त्यांच्याजवळ बसा. कुकर नंतर लावता येईल.