बारा मात्रा, पण सम कुठे?

सुट्टीत जबलपूरला घरी गेलो की मी सदरमध्ये एका सरांकडे फ्लामेंको गिटार शिकायला जातो. फ्लामेंको ही दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियाची कला. त्यात गाणे, नाच आणि गिटार तिन्ही येतात. 2010 साली युनेस्कोने तिला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. हाऊसमधले मित्र विचारतात, "सगळं व्हिडिओवर मिळतं, मग सर कशाला?" म्हणून हा लेख.

पहिले दोन आठवडे सरांनी मला गिटारला हातच लावू दिला नाही. "पहले ताली, फिर गिटार," एवढेच म्हणाले. फ्लामेंकोमध्ये टाळी हे स्वतंत्र वाद्यच आहे. 'सोलेआ' नावाच्या प्रकारात एका आवर्तनात बारा मात्रा असतात. मी लहानपणी तबला शिकलो होतो, त्यामुळे वाटले की हा तर आपला एकताल! पण तसे नाही. एकतालात दोन-दोन मात्रांचे सहा विभाग असतात आणि सगळे वजन येऊन पडते पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर. सोलेआत जोर येतो 3, 6, 8, 10 आणि 12 वर. पहिली मात्रा जवळजवळ मोकळी! आणि गिटारवरची ओळ बहुतेक वेळा दहाव्या मात्रेवर येऊन टेकते.

आपला कान मात्र 'एक' म्हटले की तिथे ठोका मारतोच, आणि आपल्याला ते कळतही नाही. व्हिडिओतला माणूस आपले ऐकत नसतो. सर ऐकतात आणि तिथल्या तिथे मनगट धरतात.

कॅडेट मित्रांनो, हे ग्राउंडवर करून पाहा. तेज चलची मिनिटाला 120 पावले नकोत, सावकाश चाला. डाव्या पायाने 'एक' म्हणा आणि जोराच्या मात्रांवर टाळी द्या. पहिली टाळी डाव्या पावलावर पडेल, पुढच्या चारही उजव्या पावलावर. दोन-तीन आवर्तनांत पाय तरी अडखळतात, नाहीतर टाळी तरी.

त्यानंतर गिटार. हे गिटार वजनाला हलके असते, तारा नायलॉनच्या आणि लाकडाच्या बऱ्याच जवळ. पुढच्या बाजूला एक पातळ पट्टी चिकटवलेली असते, कारण वाजवता वाजवता बोटाने लाकडावर ठोका द्यायचा असतो. 'रासगेआदो'मध्ये मिटलेल्या मुठीतून करंगळीपासून एकेक बोट बाहेर झटकायचे आणि नखाच्या पाठीने तारा छेडायच्या. रोज मूठ मिटणारे स्नायू आपल्याकडे भरपूर असतात, पण ती उघडणारे कच्चे असतात, हे पहिल्याच दिवशी समजते.

आता खरी अडचण नखांची. या वादनाला उजव्या हाताची नखे थोडी वाढलेली लागतात. आमच्याकडे इन्स्पेक्शनला नखे कापलेलीच हवीत, आणि त्यात सूट मागावी असे मला वाटत नाही. सरांनी त्यातून वाट काढली. शाळेत असताना फक्त टाळी, अंगठा आणि लाकडावरचे ठोके. अंगठ्याच्या कडेने वाजवले तर आवाज मऊ येतो, पण लय पक्की होते. रासगेआदो सुट्टीत.

प्रसिद्ध गिटारवादक पाको दे लुसिया (1947–2014) लहानपणी घरीच, वडील आणि मोठ्या भावाकडून शिकला. सगळे कानाने. आपल्याकडच्या घराण्यांसारखेच म्हणायचे! लोक पुढे जाऊन म्हणतात की फ्लामेंको भारतातूनच गेला. मला ते जरा ताणलेले वाटते. स्पेनच्या जिप्सींचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरून दिसते. पण फ्लामेंको घडला आंदालुसियातच, तिथल्या अनेक लोकांच्या संगीतातून.

पुढच्या सुट्टीत 'बुलेरिया' सुरू होणार आहे. मात्रा बाराच, पण गती फार जास्त, आणि मोजणी बऱ्याचदा बारापासूनच सुरू होते. तोवर मेसच्या टेबलावर माझी बोटे वाजताना दिसली, तर तो सराव समजावा.