बेवारस इंटरप्ट आणि घाईचे वैदू

इंटरप्ट म्हणजे काय आणि हँडलर कुठे नोंदवतात, हे सांगण्यात जागा घालवत नाही. अलीकडे एक फॅशन आली आहे. लिनक्स कर्नलने ‘आयआरक्यू 16: नोबडी केअर्ड’ असं कळवलं, की बूट लायनीत ‘आयआरक्यूपोल’ नाहीतर ‘नोएपिक’ चिकटवायचं आणि चहाला जायचं. ही मंडळी स्वतःला तज्ज्ञ म्हणवतात. मी त्यांना वैदू म्हणतो.

जुना काळ झटपट उरकतो. 1981च्या आयबीएम पीसीत 8259ए ही एकच चिप होती आणि आठ लायनी होत्या. 1984च्या एटीत दुसरी चिप आली, वापरण्याजोग्या लायनी पंधरा झाल्या. तेव्हाचा खोटा इंटरप्ट सभ्य असे. लायन वर गेली आणि प्रोसेसरची पोच येण्याआधीच खाली बसली, तर चिप सात नंबर सांगून मोकळी होई. इन-सर्व्हिस रजिस्टरमध्ये सात क्रमांकाचा बिट नसला, तर ईओआय न देता परत फिरायचं. दुसऱ्या चिपवर हाच प्रकार पंधरा नंबरवर दिसे. तिथे पहिल्या चिपला मात्र ईओआय द्यावा लागे. लॅमिंग्टन रोडवरून जोडून आणलेली पीसी आणि ‘पीसीक्वेस्ट’बरोबर आलेली लिनक्सची सीडी एवढ्या भांडवलावर आमच्या पिढीने हे शिकून घेतलं. जंपरांच्या मारामाऱ्यांवर इतरांनी पुष्कळ लिहिलं आहे.

खरी गंमत पीसीआयने आणली. इथे लायन सामायिक आणि लेव्हल-ट्रिगर्ड. वाड्यात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी आणि प्रत्येकाने दार उघडून ‘आमच्याकडे नाही’ म्हणावं, तसा मामला. फरक इतकाच, की इथला पाहुणा दाद लागेपर्यंत बटणावरचं बोट काढत नाही. हँडलर संपला तरी लायन चढलेलीच, म्हणून पुन्हा इंटरप्ट, पुन्हा तोच फेरा. जुन्या कर्नलात हँडलर काहीच परत करत नसे, त्यामुळे काम झालं की नाही हे कळायला मार्ग नव्हता. डिसेंबर 2003मध्ये आलेल्या 2.6मध्ये प्रत्येक हँडलरला ‘माझा होता’ किंवा ‘माझा नव्हता’ असं सांगणं भाग पडलं. मला विचाराल तर इंटरप्टच्या इतिहासातली ही सर्वांत शहाणी सुधारणा. याच जबाबावर कर्नल हिशेब ठेवतो: एक लाख इंटरप्टांत 99,900पेक्षा जास्त बेवारस निघाले, तर लायनच बंद. अधूनमधून एखादा बेवारस आला तर तो माफ असतो.

लायन बंद झाली, की तिच्यावरचे निरपराधही भरडले जातात. भोसरीतल्या एका कारखान्यात मोजमापाच्या यंत्राला जोडलेल्या पीसीवर माउस मुंगीच्या गतीने चाले. बूट लायनीत ‘आयआरक्यूपोल’ आधीच कुणीतरी घालून गेलेलं. लॉगमध्ये ‘आयआरक्यू 16: नोबडी केअर्ड’ या ओळीखाली ‘हँडलर्स’ अशी यादी छापलेली होती आणि तिच्यात एकटा यूएसबीचा हँडलर. सगळे यूएसबीच्याच मागे लागलेले. पण त्या यादीत असतात ते ‘माझा नव्हता’ म्हणून जबाब देऊन बसलेले. ज्याच्यासाठी ड्रायव्हरच नाही, त्याचं नाव तिथे कसं येणार? एलएसपीसीआय काढून पाहिलं, तर सोळावर आणखी एक जुनं पीसीआय कार्ड होतं, पीसीआय-एक्स्प्रेसला जोडणाऱ्या एका ब्रिज चिपमागे, ड्रायव्हरविना. पीसीआय-एक्स्प्रेसमध्ये लायन म्हणजे तार नव्हे. ‘चढली’ आणि ‘उतरली’ असे दोन संदेश असतात. कार्ड काढलं तर लायन शांत. कार्ड ड्रायव्हरसकट परत बसवलं, तर काही तासांनी तीच तक्रार. कार्ड गप्प, लायन मात्र चढलेली. ब्रिज ‘उतरली’ हा संदेश मध्येच गाळत होता. दुसऱ्या चिपचा ब्रिज घातला, आणि माउस धावू लागला.

आता वैदूंची औषधं तपासा. ‘आयआरक्यूपोल’ बेवारस इंटरप्ट आला की साऱ्या हँडलरांना उठवून विचारतो. पण मालकच नसेल तर विचारून मिळणार काय? ‘नोएपिक’ने आपण पुन्हा 8259च्या पंधरा लायनींवर, म्हणजे गर्दी वाढली. ‘नोएमएसआय’चंही तेच. एमएसआयमध्ये इंटरप्ट म्हणजे मेमरीत केलेलं एक लेखन, त्यात लायनीचा वाटेकरी नाही. ते बंद केलं की डिव्हाइस परत सामायिक लायनीवर. अर्थात बायोसमधलं रूटिंग चुकलं असेल, तर यातलं एखादं औषध लागूही पडतं. मग बायोस दुरुस्त करायचा, औषध जन्मभर चालू ठेवायचं नाही.



आज एमएसआय रुळल्यामुळे नव्या पोरांना हे दुखणं क्वचितच भेटतं. क्लाउडवर काही बिघडलं, की ते जुनं मशीन फेकून नवं उभं करतात. कामाचा उरक म्हणून ते ठीक आहे. पण हार्डवेअरला प्रश्न विचारायची सवय त्यात गेली. माझी मागणी साधी आहे. बग नोंदवताना प्रॉकमधली इंटरप्ट्सची फाइल दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा द्या, म्हणजे कुठला आकडा पळतोय ते दिसेल. त्या आयआरक्यूची स्प्युरियस फाइल द्या, हँडलरांची यादी द्या, आणि एलएसपीसीआयमधून त्या लायनीवरचं प्रत्येक डिव्हाइस द्या, ड्रायव्हर असो वा नसो. मग एकेक ड्रायव्हर उतरवा, एकेक कार्ड काढा. ‘आमच्याकडे अमुक ऑप्शनने चाललं’ एवढ्या एका वाक्यावर बग बंद करणाऱ्यांशी माझं भांडण जुनं आहे, आणि ते मिटवायची मला घाई नाही.