भिंत आपली, खांब सगळ्यांचा

पाऊस ओसरला की मुंबईच्या उपनगरांत छिन्नी-हातोड्याचे आवाज सुरू होतात. दिवाळीपूर्वी घर नवे दिसावे ही हौस त्यामागे असते, पण त्याहून मोठी असते जागेची नड. अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आले. पुढच्या दशकांत तिथे चार-पाच मजली सोसायट्या उभ्या राहिल्या. कुटुंबे वाढली, खोल्या तेवढ्याच राहिल्या. मग कुणी गॅलरी आत घेतली, कुणी माळा टाकून वर पाण्याची टाकी ठेवली, कुणी मधली भिंत पाडून हॉल मोठा केला. यातले बरेचसे काम घरमालक आणि ओळखीचा गवंडी असे दोघे मिळूनच ठरवतात. अशा वेळी कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हे घरात राहणाऱ्यालाच कळायला हवे.

इमारती ढोबळमानाने दोन प्रकारच्या. जुन्या बैठ्या चाळी आणि दुमजली घरे बहुधा ‘लोड बेअरिंग’ असतात. त्यांत नऊ इंची किंवा त्याहून जाड भिंतीच वरचा भार पेलतात, त्यामुळे अशी भिंत पाडणे म्हणजे आधारच काढून घेणे. नंतरच्या सोसायट्या आरसीसी सांगाड्याच्या. त्यांत भार स्लॅबवरून बीमवर, बीमवरून खांबावर आणि खांबातून पायात उतरतो. तिथली साडेचार इंची भिंत बहुतेक वेळा नुसता आडोसा असते. फसगत होते ती इथेच. गिलाव्याखाली भिंत आणि खांब एकजीव दिसतात, आणि ‘कोपऱ्यातला हा फुगवटा काढला तर कपाट नीट बसेल’ असे वाटू लागते.

त्या फुगवट्यावर किती भार असतो? एका खांबाच्या वाट्याला दर मजल्यावर १० चौरस मीटर जागा येते असे धरू. स्लॅब, भिंती, सामान, माणसे मिळून चौरस मीटरला अंदाजे १,००० किलो. गच्चीसह पाच स्लॅब असतील, तर तळाच्या खांबावर सुमारे ५० टन भार येतो.

खांब काढला तर हा भार शेजारच्या खांबांवर जाईल, असे कुणी म्हणेल. पण तो तिथे न्यायचा बीमनेच. काँक्रीट दाब चांगला सोसते, ताण मात्र त्याला सोसत नाही. म्हणून जिथे ताण येतो तिथे सळया घालतात. सलग बीममध्ये खांबाच्या डोक्यावर ताण वरच्या अंगाला असतो, त्यामुळे तिथे मुख्य सळया वर असतात. खांब गेला की त्याच जागी बीम खाली वाकू पाहतो आणि ताण खालच्या अंगाला येतो, जिथे सळया कमी असतात. शिवाय दोन आधारांमधले अंतर दुप्पट झाले की वाकवणारा जोर सुमारे चौपट होतो. इमारत काही तास किंवा काही दिवस तग धरते आणि घरच्यांना वाटते, काही झाले नाही.

२५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेची एक चार मजली इमारत सकाळी कोसळली आणि १७ जण दगावले. तळमजल्यावर नूतनीकरण सुरू होते आणि त्यात आधाराचे खांब तोडल्याचा आरोप झाला. वरच्या मजल्यांवरच्या माणसांनी तर आपल्या घरातल्या विटेलाही हात लावलेला नव्हता.

खांब न तोडताही भार वाढवता येतो. जुनी फरशी न काढता तिच्यावर दोन इंचांचा नवा थर दिला, तर १० बाय १२ फुटांच्या खोलीत सुमारे १,२०० किलो वाढतात, म्हणजे चौरस मीटरला शंभराहून थोडे अधिक. घरातली माणसे आणि सामान यांच्यासाठी भारतीय मानकात चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरलेले असतात. त्यातले निम्मे नव्या फरशीनेच खाल्ले. माळ्यावरची ५०० लिटरची टाकी भरली की जेमतेम एक चौरस मीटरवर ५०० किलो येतात.

तिसरा शत्रू गंज. सळईवरचे काँक्रीटचे आवरण तिला हवा, ओल आणि खाऱ्या वाऱ्यापासून जपते. पाइप लपवण्यासाठी बीम किंवा खांब टोचला की ते आवरण जाते. गंजलेली सळई फुगते, काँक्रीटचे पोपडे पाडते आणि ओलीला आणखी वाट मिळते. त्या पोपड्यावर नुसता गिलावा आणि रंग चढवला तर गंज आत चालूच राहतो.

म्हणून सोपी विभागणी करावी. विटांच्या भिंतीत विजेच्या तारा आणि नळ टाळून ड्रिलने भोक पाडणे, फळी ठोकणे, रंग काढणे, नळाचा वायसर बदलणे ही कामे खुशाल आपल्या हाताने करावीत. स्लॅब, बीम, खांब, भिंत पाडणे, मोरीची जागा हलवणे यांसाठी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सोसायटीची लेखी परवानगी हवी. ३० वर्षांहून जुन्या इमारतींची नोंदणीकृत इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार बंधनकारक आहे.

एक तपासणी मात्र घरच्या घरी होते. भिंतीला तडा दिसला, तर त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पातळ आडवी पट्टी लावावी आणि शेजारी तारीख लिहावी. पट्टी महिनोन्‌महिने अखंड राहिली तर तडा बहुधा जुना, थांबलेला. ती चिरली तर तडा चालता आहे, इंजिनिअरला लगेच बोलवावे. दरवाजे अचानक अडकू लागले, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली किंवा तळमजल्यावर कुणी खांब टोचताना दिसला, तर पट्टीची वाट पाहू नये. घर रिकामे करावे, शेजाऱ्यांना बाहेर काढावे आणि महापालिकेला कळवावे. अशा वेळी ‘त्यांच्या घरात आपण कशाला बोलायचे’ हा संकोच महागात पडतो, कारण तो खांब एकट्या तळमजल्याचा नसतो.