परभणीचे ऊन, विद्यापीठ आणि शेतमजूर

गेल्या उन्हाळ्यात वर्गातल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, पेपरात उष्णतेची लाट नाही म्हणतात, मग माझी माय शेतात चक्कर येऊन कशी पडली?" मला तेव्हा उत्तर देता आले नाही. ते शोधताना जे कळले ते इथे मांडतो.

हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश असून ते तेथील सरासरीहून साडेचार अंशांनी वाढावे लागते, किंवा थेट ४५ अंश गाठावे लागते. तेव्हाच ती लाट ठरते. परभणीत मे महिन्याची सरासरीच चाळिशी ओलांडते. म्हणजे ४३ अंशांचा दिवस इथे कागदोपत्री नेहमीचाच. शिवाय हे तापमान झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजतात. धसकटे वेचणारी बाई उन्हात असते.

काम करताना शरीरात उष्णता तयार होते आणि घाम वाळला की ती बाहेर पडते. पावसाळ्यात खुरपणीच्या वेळी पारा उतरतो, पण हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. बाया आडोसा नसल्याने पाणीही कमी पितात. त्याचा ताण मूत्रपिंडावर येतो. खुरपणी गुत्त्यावर आणि कापसाची वेचणी किलोवर. दुपारी सावलीत बसले की तेवढी मजुरी बुडते. म्हणून ऊन सर्वांवर सारखे पडत असले तरी ते सर्वांना सारखे लागत नाही. कोणाला जमीन मिळाली आणि कोणाला मिळू दिली गेली नाही, हा जातीचा इतिहासच इथे प्रकृतीचा प्रश्न होतो.

परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली, ऐन दुष्काळात स्थापन झाले. माझी आजी तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होती. या विद्यापीठाचे काम मी मोलाचे मानतो. पावसाचा खंड आणि अतिवृष्टी या दोन्हींत तग धरावा म्हणून सोयाबीनसाठी रुंद वरंबा सरीची पद्धत त्याने शेतकऱ्यांपर्यंत नेली: जादा पाणी सरीतून निघून जाते, खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते. आठवड्यातून दोनदा हवामानावर आधारित कृषिसल्ला निघतो. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटबरोबर तयार केलेले 'परभणी शक्ती' हे लोह व जस्त अधिक असलेले ज्वारीचे वाण २०१८ साली प्रसारित झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. रक्त कमी असलेल्या शरीराला उन्हातले कष्ट अधिक जड जातात. तेव्हा हे वाण आमच्याच उपयोगाचे आहे.

पण हे सारे पोचते सातबारा असणाऱ्यापर्यंत. सल्ल्यात पिकाला पाणी केव्हा द्यावे ते असते. मजुराने केव्हा थांबावे, ते ठरवण्याचा अधिकार मजुराकडे नाही. भूमिहीन बाई बियाणे घेऊन पेरणार कुठे? तिच्या ताटात ती ज्वारी यायची तर रेशन आणि अंगणवाडीतूनच यावी लागेल.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते सांभाळत असताना, १९४६ साली, कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारा कायदा झाला. शरीराला मर्यादा असते आणि ती कायद्याने मानली पाहिजे, हे त्यातले तत्त्व. शेताच्या बांधावर ते अजून आलेले नाही.

म्हणून आपली मागणी विज्ञानाविरुद्ध नाही, अधिक विज्ञानाची आहे. मजुराच्या शरीरावर उन्हाचा काय परिणाम होतो, याचे मोजमाप शेतातच व्हावे. दुपारच्या सुटीचे तास, पाणी, सावली आणि त्या वेळेची मजुरी यांचा हिशोब संशोधनात यावा. आपल्या वस्त्यांतील शिकलेल्या मुलामुलींनी या नोंदी ठेवायला आतापासून सुरुवात करावी. त्या विद्यार्थ्याला मी एक वही दिली आहे. पहिल्या पानावर त्याने आईच्या कामाचे तास लिहिले आहेत.