सुनीत: चौदा ओळींची कविता

गणेशोत्सवातल्या काव्यवाचनासाठी कविता निवडताना पालकांच्या दोन अटी असतात: दोन-तीन मिनिटांत बसावी आणि मुलांना पाठ व्हावी. या दोन्ही अटींत सुनीत चपखल बसते. पण मुलांना सॉनेट भेटते ते इंग्रजीच्या पुस्तकात. ते मराठीतही आहे, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

सॉनेट मूळचे इटलीतले. पेट्रार्कने लॉरावरच्या प्रेमाची सॉनेटे लिहिली आणि हा प्रकार प्रेमाशी जोडला गेला. त्याच्या रचनेत आधी आठ ओळी, मग सहा. शेक्सपिअरच्या रचनेत चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी दोन ओळी. दोन्हींत मधे कुठेतरी विचाराला कलाटणी मिळते. माझ्या मते खरे सॉनेट ते हेच. नुसत्या चौदा ओळी कोणीही मोजेल.

मराठीत हा प्रकार केशवसुतांनी आणला. 1892 सालची ‘मयूरासन आणि ताजमहाल’ ही मराठीतली पहिली सुनीतरचना मानतात. विषयाची निवड पाहा. दोन्ही वस्तू शहाजहानच्याच. मयूरासन नादिरशहाने 1739 मध्ये लुटून नेले, ताजमहाल अजून उभा आहे. अशी जोडी या घाटाला शोभणारीच. केशवसुत याला चतुर्दशक म्हणत. ‘सुनीत’ हे नाव पुढे रुळले. रविकिरण मंडळाच्या कवींनी सुनीते भरपूर लिहिली. त्यांतले माधव जूलियन तर आपल्या शेजारच्या बडोद्याचे, जन्म 1894.

आमच्या बँकवाल्यांच्या सवयीने थोडे गणित. इंग्रजी सॉनेटच्या ओळीत साधारण दहा अक्षरे, म्हणजे एकूण 140. मराठीत पुष्कळ सुनीते शार्दूलविक्रीडितात आहेत. तिथे ओळीला 19, म्हणजे 266. जवळजवळ दुप्पट जागा! आणि हे वृत्त आपल्या कानावर आहेच, कारण लग्नातली बहुतेक मंगलाष्टके त्यातच असतात. परदेशी घाट आपल्या चालीत असा बसला.

सिल्वासात आणखी एक गंमत. 1954 पर्यंत इथे ज्यांचे राज्य होते, त्या पोर्तुगीजांचा महाकवी कामोंइश हाही सॉनेटकारच.

मुलांकडून सुनीत बसवून घेताना मंगलाष्टकाचा हेल मात्र टाळा. बाराव्या अक्षरावर यती असतो, तिथे किंचित थांबायला सांगा. कलाटणीची ओळ आधी शोधून द्या आणि तिच्याआधी एक पूर्ण श्वास घ्यायला लावा.