गाठ ते उपचार (भाग ४) : रिपोर्ट कोणी सांगायचा?

मागच्या आठवड्यात तुकडा तपासणी, म्हणजे बायोप्सी, कशी होते ते पाहिलं. फॉर्मेलिनच्या बाटलीतून तुकडा प्रयोगशाळेत जातो, मेणात बसवतात, पातळ काप काढून काचपट्टीवर रंगवतात आणि काही दिवसांनी कागद हातात येतो. त्या कागदावर काय लिहिलंय हे रुग्णाला कोणी सांगायचं, हा आजचा विषय.

भंडारा जिल्ह्यात रुग्ण आणि निदान यांच्यामध्ये माणसं पुष्कळ असतात. पवनी किंवा लाखांदूरकडचा, वर्षानुवर्षं खर्रा खाणारा एखादा शेतमजूर घ्या. तोंड पुरतं उघडत नाही, गालाच्या आत पांढरा चट्टा आहे. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरते. तोंडातला चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, उघडायला त्रास देणारा जबडा, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. ती त्याला उपकेंद्रात पाठवते. तिथले समुदाय आरोग्य अधिकारी तोंड तपासून पुढे धाडतात, दंतचिकित्सक किंवा सर्जन तुकडा काढतात, पॅथॉलॉजिस्ट तो वाचतात आणि उपचारांसाठी बहुतेकांना भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवरचं नागपूर गाठावं लागतं. वाटेतला प्रत्येक जण काहीतरी बोलतो, आणि गोंधळ होतो तो इथेच.

आशाताईने ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारायचा नसतो. ‘हे दाखवून घ्या, मी सोबत येते’ एवढंच तिचं काम, आणि ते फार मोलाचं आहे. गर्भाशयमुखाच्या तपासणीत मात्र निकाल तिथल्या तिथे कळतो. सौम्य ॲसिटिक ॲसिड लावल्यावर मिनिटभरात पांढरा डाग उमटतो की नाही ते पाहतात, आणि प्रशिक्षित परिचारिका किंवा आरोग्य अधिकारी त्याच वेळी बाईला सांगतात. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात ही तपासणी डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी केली होती. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. पण एक गोष्ट सांगणाऱ्याने आवर्जून सांगायलाच हवी: पांढरा डाग म्हणजे कॅन्सर नव्हे, पुढची तपासणी हवी एवढाच त्याचा अर्थ. हे वाक्य राहून गेलं की बाई घाबरून घरी बसते आणि पुढची तारीख चुकते.

तुकड्याच्या रिपोर्टची गोष्ट वेगळी. निदान पॅथॉलॉजिस्टचं असतं, पण त्यांनी बहुधा रुग्णाला पाहिलेलंही नसतं. आजार किती पसरलाय हे त्या कागदावरून कळत नाही. त्याला सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो. म्हणून प्रयोगशाळेच्या खिडकीवरच्या माणसाने, तंत्रज्ञाने किंवा औषधांच्या दुकानदाराने रिपोर्ट वाचून दाखवू नये. रुग्णाचा लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘आता काय करायचं?’ आणि त्याचं उत्तर त्यांच्याजवळ नसतं. हल्ली तर पीडीएफ पुतण्याच्या मोबाईलवर आधी येते आणि दुपारपर्यंत अर्ध्या गावाला माहीत होते. रुग्णाला सगळ्यात शेवटी.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या डॉक्टरांनी तुकडा काढला, त्यांनीच पहिल्यांदा सांगावं: समोर बसवून, दार लावून, रुग्णाच्या बोलीत. टप्पा कोणता, शस्त्रक्रिया की किरणोपचार, हे त्यानंतर कर्करोगतज्ज्ञांनी सांगावं, मग ते नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालयातले असोत, ‘मेडिकल’ म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले की जामठ्याच्या कॅन्सर रुग्णालयातले.

मग येते ती आपल्या घराघरांतली विनवणी. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेतो, ‘मायले सांगू नोका जी, ते खचून जाईल.’ यामागची माया खोटी नाही. डॉक्टरही एके काळी असंच मानत. अमेरिकेत 1961 च्या एका पाहणीत 90 टक्के डॉक्टर कॅन्सरचं निदान रुग्णाला न सांगण्याकडे झुकलेले होते. 1979 मध्ये 97 टक्के सांगण्याच्या बाजूचे झाले. आपल्याकडची 2002 ची वैद्यकीय आचारसंहिता म्हणते की डॉक्टरांनी आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही नाही. तीत नातेवाइकांचाही उल्लेख आहे, पण मला पहिला हक्क मायचाच वाटतो. जबडा काढायचा असेल तर संमतीची सही तिची लागते. आणि किरणोपचारांच्या रांगेत आठवडे काढणाऱ्या बाईला आपल्याला काय झालंय ते कळत नाही, असं समजणं हा तिच्या अकलेचा अपमान आहे. तिला उलट एकटीने ते पोटात ठेवावं लागतं. लेकाशी बोलायचीही सोय राहत नाही.

किती सांगायचं हे तिलाच विचारता येतं. ‘सगळं तुम्हाला सांगू, की मुलाला सोबत बसवू?’ काही जणी म्हणतात, पोराला सांगा. तो निर्णय तिचा, आणि तो पाळावा.

तुकडा काढतानाच डॉक्टरांना विचारून ठेवा: रिपोर्ट कोणत्या दिवशी, कोण सांगणार, सोबत कोणाला आणू? नागपूरला जाताना नुसता कागद नेऊ नका. काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळा मागून घ्या. तिथले पॅथॉलॉजिस्ट बहुधा ते पुन्हा तपासतात, आणि ठोकळा नसला तर दुसऱ्यांदा तुकडा काढायची वेळ येऊ शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठीही हा रिपोर्ट लागतो. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, कागदपत्रांचं त्यांना विचारा. आजाराचं मात्र डॉक्टरांनाच.

(पुढील आठवड्यात : ‘स्टेज’ म्हणजे काय आणि ती कशी ठरते)