तरंगत्या बशीचे पेटंट

‘पेटंट’ हा शब्द आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोनच प्रसंगी कानावर येतो. एकदा औषधाच्या बाटलीवरून, आणि एकदा एखाद्या पाहुण्याने ठरलेला विनोद दहाव्यांदा सांगितला म्हणजे! मीही साठी उलटेपर्यंत याहून अधिक खोलात शिरलो नव्हतो. नातीच्या एका प्रश्नापायी शिरलो, आणि पुढे चार वर्षे बाहेर पडता आले नाही. त्याचीच ही हकिगत.

सारी नोकरी मी कारखान्यांतून पंखे आणि ब्लोअर बसवण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर एका रविवारी नातीला घेऊन मॉलमध्ये गेलो. तेथे एअर हॉकीचे टेबल होते. टेबलाला बारीक बारीक भोके; त्यांतून खालून हवा येते आणि प्लास्टिकची चकती त्या हवेवर अधांतरी सुळकन सरकते. सात वर्षांची आमची नात जरा वेळ टक लावून पाहत राहिली. मग म्हणाली, “आजोबा, मीच या चकतीवर बसले तर?”

प्रश्न पोरकट खरा; पण माझी झोप उडाली. रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १.६ मीटर व्यासाची एक बशी घेतली, तर तिचे क्षेत्रफळ झाले सुमारे २ चौरस मीटर. बशी आणि बसणारा मिळून वजन धरले १२० किलो. म्हणजे चौरस मीटरमागे भार ६० किलो. आता हा दाब केवढा? तर अवघ्या ६ सेंटिमीटर पाण्याइतका! आपल्या न्हाणीघरातल्या भरलेल्या बादलीच्या तळाशी याहून जास्त दाब असतो. माणूस उचलायला वादळ लागत नाही, वाचकहो. हलकीशी फुंकर पुरते. मात्र ती सर्व बाजूंनी सारखी आणि सतत हवी.

गॅरेजमधली गाडी रस्त्यावर आली आणि तेथे प्लायवूडची भोकाभोकांची जमीन झाली. जुना ब्लोअर जोडला. नातीपुरती छोटी बशी केली. बटण दाबताच बशी जमिनीपासून बोटभर उचलली गेली. नात ज्या बाजूला झुके त्या बाजूला बशी सरके. मी स्वतःला एडिसन समजू लागलो होतो. इतक्यात लाईट गेली! बशी एका बाजूने धाडकन आदळली आणि कडेला धरलेले नातीचे बोट खाली सापडले. नख काळेनिळे झाले. सौ. धावत आल्या.

“अहो, हे खेळणं आहे की उखळ?”

त्या रात्री मला जेवण गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तरंगण्याचा नाद सोडून पडण्याचा विचार करू लागलो. बशीच्या कडेखाली मऊ रबराची नळी बसवली. तिचे तीन कप्पे केले. एकच नळी ठेवली असती तर जड बाजूची हवा दुसरीकडे पळाली असती आणि बशी कललीच असती. प्रत्येक कप्प्याला आत हवा घेणारी, पण परत न सोडणारी एक झडप, आणि हवा हळूहळू निसटायला एक सुईएवढे भोक. वीज गेली की बशी आता संथपणे, सपाट खाली बसे. सौ.नी परीक्षेसाठी कडेखाली पिकलेले केळे ठेवले. नळीशिवाय त्याचे शिकरण झाले. नळी लावल्यावर ते सालीसकट शाबूत निघाले. मगच नातीला पुन्हा बसण्याची परवानगी मिळाली.

पेटंटचे काम पाहणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलो. त्यांचा पहिला प्रश्न, “हे बाहेर कोणाला दाखवलंत का?” अर्ज करण्यापूर्वी शोध चारचौघांत उघड केला, तर आपलेच खेळणे आपल्या विरुद्ध साक्ष देते! सुदैवाने ते घराबाहेर गेले नव्हते. अर्जात मी ऐटीत दावा केला: हवेच्या थरावर तरंगणारे करमणुकीचे वाहन, सगळेच्या सगळे माझे. नळीचा घरगुती उपाय लिहिण्यासारखा वाटला नाही. पण कागदांवर सही करताना सौ.नी विचारले, “माझ्या नातीच्या बोटाचं लिहिलंत का?” तेव्हा केवळ त्यांच्या समाधानासाठी शेवटी एक परिच्छेद आणि एक आकृती घातली.

अठरा महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध झाला. पुढे परीक्षकांचा अहवाल आला, आणि तो वाचून मी गार पडलो.

माझी बशी १९६१ सालीच तरंगून गेली होती! कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये त्या वर्षी ‘फ्लाइंग सॉसर्स’ नावाची करमणूक सुरू झाली. जमिनीत हवेची भोके, वर एकेका माणसाची बशी, अंग झुकवून वळवायची. अगदी आमच्या नातीसारखी. यंत्रणा वरचेवर बिघडे, म्हणून १९६६ साली ती बंद झाली. २०१२ साली शेजारच्याच उद्यानात त्यांनी तरंगते टायर आणले. तेही २०१५ साली गुंडाळले. पण बंद पडलेली वस्तूही जुनीच. आपल्या कायद्यात पूर्वीचे ज्ञान जगात कोठेही छापलेले असले तरी ते आड येते.

दुसरा दाखला होता हॉवरक्राफ्टचे जनक ख्रिस्तोफर कॉकरेल यांचा. या इंग्रज गृहस्थांनी एका डब्यात दुसरा डबा बसवून, ब्लोअरने हवा सोडून, स्वयंपाकघरातल्या तराजूवर तिचा जोर मोजला आणि डिसेंबर १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. २५ जुलै १९५९ रोजी त्यांच्या कल्पनेचे यान इंग्लिश खाडी पार करून गेले. डबा, ब्लोअर, तराजू! सामान तर माझ्याच घरातले.

दोन दिवस मी कोणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सल्लागारांनी समजावले, “परीक्षक दोन गोष्टी बघतात. वस्तू नवी आहे का? आणि नवी असली तरी जाणत्या कारागिराला सहज सुचली असती का? तुमची बशी पहिल्याच परीक्षेत गेली. पण शेवटच्या परिच्छेदाबद्दल अहवालात कोणताही जुना दाखला नाही.”

“मग त्यात आणखी चार गोष्टी घालू?”

“ते नाही चालायचं. दावा आखडता घेता येतो. मूळ अर्जात जे नाही, ते मागाहून घुसडता येत नाही.”

मी मनातल्या मनात सौ.ना हात जोडले. तो परिच्छेद गाळला असता, तर माझ्या हाती काहीच उरले नसते.

सगळे मोठे दावे मी खोडले आणि फक्त नळी, तीन कप्पे आणि झडपा ठेवल्या. सुनावणी संगणकाच्या पडद्यावर झाली. अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, “तीनच कप्पे का? आणि हवा इतकी सावकाश का सोडायची?” मी तयार केलेले भाषण विसरलो आणि नातीच्या बोटाची गोष्ट सांगितली, केळ्याचीही सांगितली. ते किंचित हसले. मग झडपेच्या आकृतीवर अर्धा तास बारकाईने प्रश्न विचारले. पुढे काही आठवड्यांनी पेटंट मंजूर झाल्याचे कळले.

आपल्या देशात १८५६ साली पहिल्यांदा पेटंटचा कायदा आला, तेव्हाचा पहिला अर्ज पंखा ओढण्याच्या यंत्राचा होता. आयुष्यभर पंखेच बसवणाऱ्या मला हे वाचून उगीचच नातेवाईक भेटल्यासारखे वाटले. माझे पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षांचे. ते कोणी विकत घेईल की नाही, देव जाणे. एका खेळणी बनवणाऱ्यांचे पत्र आले आहे, इतकेच.

प्रमाणपत्र भिंतीवर लावले तेव्हा नात अकरा वर्षांची झाली होती. तिने ते नीट वाचले आणि तक्रार केली, “आजोबा, यात तरंगण्याचं काहीच नाही! नुसतं खाली उतरण्याचंच आहे.”

“तेच तर कोणाला सुचलं नव्हतं,” सौ. म्हणाल्या, आणि तिचे ते बोट हातात घेऊन पाहू लागल्या.